ब्रेकवर उभा असलेला माणूस

यंत्र आणि माणूस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सर, आमची लेक मेलबर्नला असते. मागच्या खेपेला जावयांनी आम्हाला सेंट किल्डा भागातल्या लूना पार्क या करमणुकीच्या बागेत नेलं होतं. जागा लहानशीच, एका चकरेत बघून होते. तिथली लाकडी रोलर कोस्टर १९१२ सालची आहे म्हणतात. गाडीच्या मधोमध एक माणूस हातात दांडा धरून उभा असतो, अख्ख्या फेरीत बसत नाही. नऊ वर्षांची नात हट्टाला पेटली होती, पण मी तिला बसू दिलं नाही. शंभर वर्षांपूर्वीचं लाकूड, काही झालं म्हणजे? येत्या जानेवारीत पुन्हा जाणं आहे. तो माणूस नुसता शोभेला असतो का? आणि नातीला बसवावं का? (निवृत्त शिक्षक, सांगली)

उत्तर : गुरुजी, फाटकावर लिहिलेल्या उंचीच्या अटीत नात बसत असेल तर तिला जरूर बसवा, आणि तुमच्या मणक्याची तक्रार नसेल तर तुम्हीही शेजारी बसा. कारणं सविस्तर सांगतो, कारण हा माझा आवडीचा विषय आहे.

आधी त्या माणसाबद्दल. तो शोभेचा मुळीच नाही. ती गाडी तोच चालवतो. खरं म्हणजे चालवत नाही, आवरतो. चढावर मोटर गाडीला ओढून नेते, माथ्यावर सोडून देते, आणि तिथून पुढे सगळा कारभार उताराचा. गाडीला इंजिन नाही. वेग किती होऊ द्यायचा हे फक्त त्या दांड्यावर अवलंबून असतं, आणि दांडा त्याच्या हातात असतो. तिथे त्याला ब्रेकमन म्हणतात. आपण ब्रेकवाला म्हणू.

आता ब्रेकवाला लागतोच का? आजच्या रोलर कोस्टरची चाकं रुळाला तीन बाजूंनी धरून असतात : एक वरून, एक बाजूने आणि एक खालून. खालचं चाक असल्यामुळे गाडी उलटी झाली तरी रूळ सोडत नाही. या खालच्या चाकाचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकन माणसाने १९१९ साली घेतलं. मेलबर्नची गाडी त्याच्या सात वर्षं आधीची, १३ डिसेंबर १९१२ रोजी बाग उघडली तेव्हापासूनची. तिला खालून धरणारं चाक नाही. ती रुळावर टिकते ती स्वतःच्या वजनाने. म्हणजे उंचवट्याच्या माथ्यावरून ती किती वेगाने जाते यावर सगळं आलं. वेग प्रमाणात असेल तर पोटात गोळा येतो, मुलं किंचाळतात, मजा येते. प्रमाणाबाहेर गेला तर गाडी रुळावरून उचलली जाईल. या दोन्हींच्या मधली जागा सांभाळायला तो माणूस उभा असतो.

मी एसटीच्या दापोडी कार्यशाळेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं ब्रेकच्या कामावर. त्यामुळे मुलगा मेलबर्नला होता तेव्हा या गाडीत बसलो तो मुद्दाम ब्रेकवाल्याच्या पाठीमागची जागा धरून. समोर पोर्ट फिलिपचा उपसागर दिसत होता, शेजारच्या बाई नवऱ्याला तो दाखवत होत्या, आणि मी मात्र त्या पोराच्या पायांकडे बघत होतो. वय पंचविशीच्या आतलं असावं. चढ संपेपर्यंत दोन्ही पाय सैल, खालच्या कुणाशी तरी ओरडून बोलणंही चालू. माथा आला तसा डावा पाय थोडा मागे सरकला, भार टाचेवर आला. पहिल्या मोठ्या उतारावर त्याने दांड्याला हातसुद्धा लावला नाही, गाडीला मनसोक्त धावू दिलं. उतार संपता संपता कोपर मागे गेलं, अंगाचं वजन दांड्यावर आलं आणि पुढचा उंचवटा आम्ही असा पार केला की बुड बाकावरून जेमतेम सुटलं. वळणावर दांडा चार बोटंसुद्धा हलला नसेल. दाबला, सोडला, पुन्हा दाबला. एकदाच जोरात दाबून धरायचं नाही, हे आमच्याकडे घाटात गाडी घालणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं, कारण ड्रम तापले की ब्रेक धरत नाही. त्या पोराला ते अंगातून माहीत होतं. मला त्याचा हेवा वाटला, आणि फार बरंही वाटलं.

तुम्हाला हे दृश्य अगदीच परकं वाटू नये म्हणून सांगतो. नेरळ–माथेरानची १९०७ सालची छोटी गाडी आठवा. डोंगर उतरताना डब्यांच्या मध्ये उभे राहून इंजिनाच्या शिटीच्या इशाऱ्यावर हातब्रेक आवळणारे कर्मचारी आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तीच विद्या इथे खेळासाठी वापरली आहे. फरक इतकाच की माथेरानला ड्रायव्हर शिटी देऊन सांगतो. इथे सांगणारं कुणी नाही, ब्रेकवाल्याने स्वतःच ओळखायचं.

आणि ओळखायचं ते दर फेरीला वेगळं. गाडी भरलेली असेल तर तिचा जोर जास्त टिकतो, तीन-चारच माणसं असतील तर ती लवकर मंदावते. सकाळी थंडीत वंगण घट्ट असतं, दुपारी उन्हात पातळ होतं. समोरून समुद्राचा वारा असेल तर वेगळं, पाठीमागून असेल तर वेगळं. पाऊस पडला की ओल्या जागी घर्षण कमी होतं आणि ब्रेक हवा तसा लागत नाही. म्हणून पावसात ही गाडी बंद ठेवली तर चिडू नका. जावयांना सांगा, कोरडा दिवस बघून न्या.

आता लाकडाबद्दल. ‘शंभर वर्षांपूर्वीचं लाकूड’ असं तुम्ही लिहिलं आहे. गाडीचा मार्ग शंभर वर्षांपूर्वीचा आहे : चढ तिथेच, वळणं तीच, बागेच्या कडेकडेने फिरून येणं तेच, लांबी साधारण ९६७ मीटर, उंची साधारण १६ मीटर. लाकूड मात्र सतत बदललं जातं. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर उभं असलेलं कुठलंच लाकूड शंभर वर्षं टिकणार नाही. लाकडी रोलर कोस्टरची देखभाल म्हणजे फळी कुजायला लागली की काढायची, नवी बसवायची, बोल्ट आवळायचे, रंग द्यायचा, आणि गिऱ्हाईक यायच्या आधी मार्ग डोळ्यांखालून घालायचा. हे काम कधी संपत नाही. संपलं असं ज्या दिवशी मालकाने ठरवलं, त्या दिवशी नातीला बसवू नका.

वय झालं म्हणून यंत्र धोक्याचं होतं, ही समजूत माझ्या अनुभवाला उतरत नाही. कार्यशाळेत अगदी नवीन गाड्या ब्रेकच्या तक्रारीवर आलेल्या मी पाहिल्या आहेत आणि भंगारात जायच्या वयाच्या गाड्या चोख थांबतानाही पाहिल्या आहेत. चोख थांबणाऱ्या प्रत्येक गाडीमागे कुणीतरी एक मेकॅनिक होता, जो लायनरची, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तराची, जाडी नुसत्या अंदाजाने न सांगता चाक उतरवून बघायचा.

भीती बाळगायचीच असेल तर आगीची बाळगा. जुन्या बागा पडझडीने मेल्या त्यापेक्षा आगीने जास्त मेल्या. ‘लूना पार्क’ हे नाव ज्या बागेवरून आलं ती न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडमधली १९०३ सालची मूळ बाग १९४४ मध्ये जळाली आणि नंतर बंद झाली. इंग्लंडमध्ये मार्गेट गावी १९२० सालची अशीच ब्रेकवाल्याची लाकडी गाडी होती, तिला २००८ मध्ये कुणीतरी आग लावली. गावकऱ्यांनी नेट धरला म्हणून ती २०१५ मध्ये पुन्हा धावली. सिडनीतही लूना पार्क आहे. तिथे १९७९ मध्ये भुताच्या गाडीला आग लागून सात जण गेले, त्यात सहा लहान मुलं. हे वाचून घाबरावं म्हणून लिहीत नाही. कुठल्याही बागेत, जत्रेत, थिएटरात मुलांना नेलं की बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवावी, एवढं माझं मागणं आहे.

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेन्सर आणि कॉम्प्युटरवर चालणारे ब्रेक असताना आजही माणूस कशाला उभा करायचा? माणूस चुकू शकतो. (विद्यार्थी, अमरावती)

उत्तर : प्रश्न रास्त आहे. आधी एक आकडेमोड करून बघ. घर्षण शून्य धरून १६ मीटर खाली आल्यावर वेग किती? २ गुणिले ९.८ गुणिले १६, त्याचं वर्गमूळ : सेकंदाला १७.७ मीटर, म्हणजे ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास. प्रत्यक्षात उतार सलग १६ मीटरचा नसतो आणि घर्षणही असतं, त्यामुळे वेग त्याच्या खालीच राहतो. आता उंचवट्याचा माथा घे. तिथे गाडी रुळावर टिकायची तर वेगाचा वर्ग भागिले माथ्याची त्रिज्या हे उत्तर ९.८ पेक्षा कमी हवं. सेकंदाला १० मीटर वेग असेल तर त्रिज्या १०.२ मीटरपेक्षा जास्त पाहिजे. माथा त्याहून टोकदार असेल तर वेग कमी करावाच लागेल. ब्रेकवाल्याने हे सूत्र शाळेत शिकलेलं असो-नसो, तो दर फेरीला ते सोडवत असतो.

हे काम यंत्र करू शकतं का? करू शकतं, आणि करतंही. कोपनहेगनजवळच्या बाकेन बागेत १९३२ सालची लाकडी गाडी आहे. तिच्यावर वर्षानुवर्षं ब्रेकवाले होते. २०१० च्या सुमारास नव्या गाड्या आणल्या आणि ब्रेकवाले उतरले. कोस्टर आजही चालते, लोक बसतात. मालकाची बाजू मला समजते : ब्रेकवाला तयार करायला वेळ लागतो, त्याला पगार द्यावा लागतो, आणि तो चुकू शकतो हा तुझा मुद्दा विमा कंपनीही मांडणार.

तरीही मी मेलबर्नच्या बाजूने आहे. बसणाऱ्याला तिथे जे मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही. कॉम्प्युटरचा ब्रेक रुळावर ठरलेल्या जागी बसवलेला असतो, गाडी तिथे आली की लागतो. ब्रेकवाला गाडीसोबत फिरतो, त्यामुळे ब्रेक कुठेही लावू शकतो. चांगला ब्रेकवाला गाडीला प्रत्येक माथ्यावर नेमकी मर्यादेपर्यंत नेतो आणि तिथे धरतो, म्हणून इतक्या कमी उंचीची गाडी आजच्या मोठ्या गाड्यांसमोरही थरार देते. शिवाय कौशल्य हीसुद्धा जपण्याची वस्तू आहे. लाकडाची फळी पुन्हा कापता येते. हात घडवायचा तर तो दुसऱ्या हाताशेजारी उभं राहूनच घडतो. ती साखळी एकदा तुटली की कुठल्या चोपड्यात शोधणार?

या गाडीच्या खानदानाबद्दलही थोडं सांगतो, तुला प्रोजेक्टला उपयोगी पडेल. लामार्कस थॉम्पसन या अमेरिकन माणसाने १८८४ मध्ये कोनी आयलंडला पाच सेंट तिकीट लावून उतारावरची गाडी सुरू केली. वेग ताशी दहा किलोमीटरच्या घरात, म्हणजे सायकलपेक्षा कमी, तरी लोक रांगा लावत. पुढे त्याने मार्गालगत रंगवलेले डोंगर, बोगदे, देखावे उभे केले आणि त्याला ‘सीनिक रेल्वे’ म्हणू लागले. मेलबर्नची गाडी त्या जातीची, नावही ‘ग्रेट सीनिक रेल्वे’च आहे. पेनसिल्व्हेनियातल्या अल्टूना या रेल्वेच्या गावी लेकमाँट पार्क नावाची लहान बाग आहे, तिथली ‘लीप द डिप्स’ १९०२ सालची, म्हणजे हिच्याहून दहा वर्षांनी मोठी. पण ती १९८५ ते १९९९ बंद पडून होती. खंड न पडता चालत आलेल्यांत जगातली सर्वांत जुनी म्हणून मान मेलबर्नच्या गाडीला आहे. ब्रेकवाला अजून बघायचा असेल तर कोपनहेगनच्या तिवोली बागेतली १९१४ सालची गाडी आहे, आणि इंग्लंडमध्ये ग्रेट यार्मथला १९३२ पासूनची. बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. कॅम्पस इंटरव्ह्यूतून परदेशी गेलास तर पहिल्या सुट्टीत एखादी गाठ.

प्रश्न : तुम्ही मागे एकदा लूना पार्कच्या लाकडी घोड्यांचा उल्लेख केला होता. माझी सून तिथले फोटो घेऊन आली. घोड्याच्या एका बाजूला नक्षी, दागिने, फुलं, आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही. मोडलेले भाग नीट केले नसतील का? (आजी, डोंबिवली)

उत्तर : नाही आजी, ते मुळातच तसे कोरलेले असतात. अमेरिकेत बनलेली घोड्यांची चक्री घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, त्यामुळे बाहेर उभ्या माणसाला घोड्याची उजवी बाजू दिसते. कारागीर सगळा जीव त्या बाजूवर ओतायचे : आयाळीचे झुपके, खोगिराचे काठ, काचेचे खडे. आतल्या बाजूला तेवढी मेहनत करायला मालक पैसे द्यायचा नाही. इंग्लंडमधल्या चक्री उलट दिशेने फिरतात, म्हणून त्यांची सजलेली बाजू डावी. मेलबर्नची चक्री फिलाडेल्फियाच्या कंपनीत १९१३ मध्ये बनलेली आहे आणि लूना पार्कला १९२३ पासून आहे. चार ओळींत ६८ घोडे. विसाव्या शतकाच्या शेवटी तिचं मोठं जीर्णोद्धाराचं काम झालं. सूनबाईंच्या फोटोत सगळ्यात बाहेरच्या ओळीतले घोडे बघा, ते सर्वांत मोठे आणि सर्वांत सजलेले असतात. आतल्या ओळीत जाल तसे घोडे लहान आणि साधे होत जातात.

प्रश्न : आपल्याकडे अशी शंभर वर्षांची बाग एकही का नाही? आमच्या लहानपणीचं एस्सेलवर्ल्डसुद्धा गेलं. (वाचक, बोरिवली)

उत्तर : गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद झालं. दिल्लीचं अप्पू घर १९८४ चं, तेही २००८ मध्ये गेलं. बोरिवलीच्या जेट्टीवरून बोटीने जाणाऱ्या तुमच्या पिढीला काय वाटलं असेल ते मी समजू शकतो. माझ्या पुतण्यांच्या तोंडून अजून त्या बोटीच्या गोष्टी ऐकतो.

मेलबर्नची बाग टिकली यात नशिबाचा भाग नव्हता असं नाही. तिच्या जागेवर १९०६ मध्ये ‘ड्रीमलँड’ नावाची बाग झाली होती, ती तीन-चार वर्षांतच बसली. लूना पार्कमधलीही १९२३ सालची दुसरी मोठी लाकडी कोस्टर १९८० च्या दशकाच्या शेवटी पाडली. तरी मूळ बाग राहिली, आणि त्याचं मोठं कारण मला जमिनीत दिसतं. समुद्रकाठची ती जागा सरकारी मालकीची, भाडेपट्ट्याने दिलेली. वर वारसा म्हणून सरकारी नोंदवहीत नाव. त्यामुळे चालवणारे बदलले तरी तिथे इमारती उभ्या करणं कुणाला जमलं नाही. शहराच्या इतक्या मोक्याच्या जागी, ट्राममधून उतरलं की समोर फाटक, अशी जागा खासगी असती तर केव्हाच विकली गेली असती. बरं, बाग लहान आहे, याचाही फायदा झाला. मोठ्या बागेला दर चार वर्षांनी नवं, आणखी उंच काहीतरी आणावं लागतं, त्याचं कर्ज होतं. लहान बागेचं पोट थोडक्यात भरतं.

आपल्याकडे करमणूक एका जागी बसून राहिली नाही, ती जत्रेबरोबर फिरली. पाळणा, चक्री, मौत का कुआँ हे सगळं ट्रकवर चढतं, पुढच्या गावी उतरतं, आठ दिवसांत पुन्हा उचललं जातं. त्यामुळे आपला वारसा जमिनीत रोवलेला नसून फिरत्या कुटुंबांकडे आहे. त्याची नोंद मात्र कुठल्याही वहीत नाही, ही मला लागून राहिलेली गोष्ट आहे. हाताने फिरवायचा चार खुर्च्यांचा लाकडी पाळणा गावोगाव होता. त्याचा आस कुठल्या लाकडाचा करत, खुर्ची कशाला अडकवत, वंगण म्हणून काय घालत, तो सुताराने केलेला असे की लोहाराने, हे सांगू शकणारी माणसं आज सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत.

वाचकांपैकी कुणाच्या घरी असा पाळणा चालवला जात असेल, किंवा गावात चालवणारे कुणी असतील, तर त्यांच्याशी बोलून मला लिहून पाठवा. फोटो असेल तर उत्तम, नसेल तर कागदावर पेनाने काढलेली आकृतीही चालेल. फक्त मापं हात-वितीत का होईना, पण जरूर लिहा. सांगलीच्या गुरुजींनी जानेवारीनंतर नातीचं म्हणणं कळवावं. मेलबर्न शहरातून ९६ किंवा १६ नंबरची ट्राम धरायची, आणि गाडीत बसताना ब्रेकवाल्याच्या लगेच मागची जागा मिळते का ते आधी विचारायचं.